डाव्या हाताला लागणारी बारव

जीपची कल्पना माझी नव्हती आणि डोंगराशी माझा काही संबंध नव्हता. बारव मात्र माझीच. ती मी सदतीस वर्षांपूर्वी हैदराबादेत, तारनाक्याच्या घरात, संध्याकाळचा चहा पिता पिता बांधली.

त्याचं असं झालं. मी तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात साहाय्यक होतो, आणि आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. मला नाही म्हणता येत नाही. मी जुने नकाशे धुंडाळले. एका नकाशात एनुगुलगट्टा नावाच्या डोंगरावरून ठिपक्याठिपक्यांची एक रेघ गेलेली दिसली. (एनुगुलगट्टा म्हणजे हत्तींचा डोंगर. तिथे हत्ती कधीच नव्हते, तेव्हा त्या भागात थाप मारणारा मी पहिलाच नव्हे.) एका जुन्या महसुली अधिकाऱ्याच्या रोजनिशीत त्याच वाटेने बैलगाडी गेल्याची अर्धी ओळ सापडली. एवढ्या सामग्रीवर मी 'एनुगुलगट्ट्याची जुनी गाडीवाट' हा चार पानी लेख लिहिला. संपादक म्हणाले, लेख चांगला आहे पण कोरडा आहे, आणि शेवटी तीन ओळींची जागा उरते आहे. मी घरी आलो आणि लिहिलं: 'माथ्यावर पोचताच डाव्या हाताला पायऱ्यांची बारव लागते. तिचे पाणी भर उन्हाळ्यातही आटत नाही.'

'डाव्या हाताला' हे शब्द कशाला घातले, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. नुसतं 'बारव लागते' म्हटलं असतं तर लोकांना शंका आली असती. डावा हात आला की वाचक मान डोलावतो.

तरी मला भीती नव्हती. मंडळाच्या स्मरणिकेत छापलेल्या गोष्टीइतकी सुरक्षित गोष्ट जगात दुसरी नाही. सदतीस वर्षं तो लेख कुणी वाचला नाही. लेखकाने अधूनमधून वाचला, आणि दर वेळी त्या शेवटच्या ओळीपाशी त्याचे कान तापले.

मग मंडळाला नीलिमा नावाची नवी चिटणीस मिळाली. ही पुण्याहून आलेली, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेली, अतिशय उत्साही मुलगी. तिने जामबागेतल्या मंडळाच्या खोलीतलं कपाट साफ करायला घेतलं, आणि कपाट साफ करणाऱ्या माणसांपासून मी जन्मभर का घाबरत आलो ते मला त्या दिवशी कळलं. रात्री आठ वाजता मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या लेखाचे फोटो आले. खाली तिचं निवेदन: जानेवारीच्या चौथ्या रविवारी सरांच्या बारवेवर वनभोजन. मार्गदर्शन स्वतः सर करतील. डबे आपापले आणावेत. पिण्याचं पाणी आणू नये, ओझं होईल. वर बारव आहे.

तासाभरात चौतीस नावं आली. त्यांतली दोन माणसं नुकतीच बायपास झालेली.

मी तीन वेळा नीलिमाला फोन करायला घेतला. पहिल्यांदा तिने उचलला नाही, याचा मला इतका आनंद झाला की दुसरा फोन मी चार दिवसांनी केला. दुसऱ्यांदा तिने उचलला आणि मी तिला तिच्या आईची तब्येत विचारली. तिसऱ्यांदा मी 'बारवेबद्दल जरा बोलायचं होतं' इथपर्यंत पोचलो, तर ती म्हणाली की सर, तुम्ही तिथे पाच मिनिटं बोलाच. मी बरं म्हटलं.

शेवटी मी हे बायकोला सांगितलं. भामा अठ्ठेचाळीस वर्षं माझ्याबरोबर आहे, तिला धक्का बसला नाही. ती म्हणाली, आधी जाऊन तर बघा. कदाचित असेलही. मलाही तोच एक आधार होता. हिंदुस्थानात डोंगरमाथ्यावर कुठे ना कुठे पाणी असतंच, आणि डावा हात तर आपण कसे उभे राहतो त्यावर असतो.

जायचं कसं हा प्रश्न शेजाऱ्यांनी आपल्या हातात घेतला. भाड्याच्या गाडीवाल्यांनी डांबराच्या पलीकडे येणार नाही म्हणून सांगितलं. आमच्या समोरचे भगवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. मूळचे नांदेडकडचे, पण जन्म सगळा सिकंदराबादच्या सिग्नल केबिनांत गेलेला. त्यांचं मत पडलं की भाड्याची गाडी म्हणजे दुसऱ्याची लाइन, त्यावर आपला हक्क नसतो. स्वतःची जीप घ्या. मी म्हटलं की मी बहात्तर वर्षांचा आहे. ते म्हणाले, "मंग? जीप काय दाताने ओढायची हाय?"

बातमी इमारतीत पसरली. दुसऱ्या मजल्यावरच्या मानसीताईंनी विचारलं की या वयात लोक गुडघे बदलतात, तुम्ही गाडी का बदलता. गच्चीशेजारच्या उदयने मला एक तासभर डिझेलचं महत्त्व समजावलं आणि शेवटी त्याची स्वतःची गाडी विजेवर चालते असं सांगितलं. वॉचमनने तेवढं विचारलं की ती उभी कुठे करणार. त्या एका प्रश्नाला उत्तर हवं होतं, आणि ते कुणाकडेच नव्हतं.

जीप मिळाली मलकपेठला, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात अशा एका मेकॅनिककडे. तिला छत कापडी होतं, दारं नव्हती, आणि चारही चाकांना जोर देणारी जास्तीची दांडी होती, जिला उस्ताद प्रेमाने 'फोर बाय फोर' म्हणत आणि अधूनमधून पुसत. किंमत परवडणारी होती. परवडणारी म्हणजे, नंतर कळलं, घेताना परवडणारी. मी भीतभीत विचारलं की ही डोंगर चढेल का.

"चढेगी सार," उस्ताद म्हणाले. "उतरने का हम कुछ नहीं बोलते."

मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. माझ्याकडे त्या दिवसांत त्याची टंचाई होती.

पुढचे दोन आठवडे कागदांत गेले. वाहनाच्या नोंदणीपुस्तकात रंग 'निळा' लिहिलेला, आणि जीप तर शेवाळी हिरवी. आरटीओच्या खिडकीतले गृहस्थ अगदी सभ्य होते. त्यांनी दोन मार्ग सांगितले: कागद हिरवा करावा किंवा गाडी निळी करावी. कागद हिरवा करायला आधीच्या मालकाची सही लागेल. आधीचे मालक कुठे आहेत? सौदीत. मग गाडी निळी करणं सोपं. जन्मभर कागदावरची नोंद आणि कपाटातलं पुस्तक जुळवण्यात मी घालवलेलं. मला त्यांचं म्हणणं पटलं, इतकं की मी त्यांचे आभार मानले आणि मागे उभा असलेला माणूस माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागला. उस्तादांनी एका दिवसात गाडी रंगवून दिली. त्यांच्याकडे उरलेला निळा रंग एका शाळेच्या फाटकाचा होता. तारनाक्याच्या चौकात ती जीप उभी राहिली की लोक घंटा व्हायची वाट पाहत असावेत असं मला वाटे.

गाडीबरोबर एक जुनी मार्गदर्शक पुस्तिका मिळाली होती. ती मी तीनदा वाचली आणि तिची सूची केली. प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा सराव मी दोनदा केला, दोन्ही वेळा विद्यापीठाच्या रिकाम्या रस्त्यावर, पहाटे. दुसऱ्या वेळी एक कुत्रं मला मागे टाकून पुढे गेलं.

वनभोजनाला दोन आठवडे उरले असताना आम्ही निघालो. मी आणि भगवंतराव दोघांनीच जायचं असं ठरलं होतं. पण भामा सकाळी सहा वाजता डबा आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन मागच्या बाकावर बसलेली होती. तिचं म्हणणं, तुम्ही रस्ता विचारायला लाजाल आणि भगवंतराव रस्ता सांगायला लाजणार नाहीत, या दोघांच्यामध्ये कुणीतरी हवं.

विकाराबादपर्यंत काही झालं नाही. म्हणजे भगवंतरावांच्या मते काही झालं नाही. माझ्या मते माझे खांदे कानांपर्यंत चढले होते. विकाराबादनंतर तासाभराने डांबर संपलं, मग खडी संपली, मग एका शेताच्या बांधापाशी रस्ता म्हणावं असं जे होतं तेही संपलं. समोर एनुगुलगट्टा. झुडपांतून एक लालसर ओरखडा वर गेलेला, दगडांनी भरलेला. मला भरून आलं. ठिपक्याठिपक्यांची ती रेघ खरोखरच होती. मी निम्मा तरी खरा निघालो.

भगवंतराव उतरले आणि पुढे चालू लागले. खिशातून त्यांनी दोन रुमाल काढले, एक हिरवा, एक लाल. हिरवा हलवला की यायचं, लाल हलवला की थांबायचं. अडचण अशी की रेल्वेतल्या माणसाला वळणं मनापासून मान्य नसतात. ते सरळ जात आणि मग झुडपात शिरून लाल रुमाल हलवत. असं पाऊण तास चालल्यावर एका ओघळात आमची मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. माती उडाली, ती दारं नसल्यामुळे सगळी आत आली. मी दांडी 'फोर' वर टाकली. पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात लिहिल्याप्रमाणे हळूच पाय दाबला. मागची चाकं आणखी जोरात फिरली. पुढची दोन हूं की चूं करीनात. मी प्रकरण चौथं मोठ्याने म्हणून दाखवलं. भगवंतरावांनी लाल रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले की यात इंजिनाला काही कळालं नसंल.

भामा खाली उतरून पुढच्या चाकापाशी वाकली होती. तिने विचारलं, "अहो, या मधल्या चकतीवर बाण काढलेत, ते कशाला?"

मी पुस्तिका उघडली. चकत्यांबद्दलची माहिती परिशिष्ट 'अ' मध्ये होती. पुढच्या दोन्ही चाकांवरच्या चकत्या आधी हाताने फिरवून अडकवायच्या, तेव्हाच दांडीचा उपयोग होतो. परिशिष्ट मी वाचलं नव्हतं. मूळ ग्रंथाचा नीट अनुभव आल्यावरच परिशिष्टाकडे वळावं, असं मी तीस वर्षं वाचकांना सांगत आलो आहे.

चकत्या फिरवल्या. जीप एक आळस दिल्यासारखी हलली आणि बकरीसारखी वर निघाली. त्या अर्ध्या तासात मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी थोडंसं गुणगुणलो. मागून भामा म्हणाली की समोर बघा.

माथ्यावर पोचलो तसा मी आधी डावीकडे पाहिलं. डावीकडे एक बाभळ होती आणि तिला बांधलेली एक शेळी. मग उजवीकडे पाहिलं. मग, कुणी पाहत नाही असं बघून, जीप फिरवून पुन्हा डावीकडे पाहिलं. बाभळ आता उजवीकडे गेली. बारव कुठेच नव्हती.

पण लोक होते. वीस-पंचवीस घरांचा लंबाड्यांचा, म्हणजे लमाणांचा, तांडा होता तिथे, नकाशात नसलेला, आणि तो सगळा आमच्या दिशेने धावत येत होता. पुढे एक पन्नाशीची बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात मोबाइल. ही सक्रीबाई, तांड्याची सरपंच. तिने जीपभोवती एक फेरी मारली, चाकांना हात लावला, आणि फोटो काढला. मग माझ्याकडे वळून हैदराबादी हिंदीत विचारलं की सार, तुम्ही रस्त्याचे इंजिनिअर का.

मी म्हटलं की नाही, मी निवृत्त ग्रंथपाल आहे. तिला हा इंजिनिअरांचाच एखादा प्रकार वाटला असावा. आम्हाला खाटा टाकून दिल्या, ताक आलं. मी धीर करून विचारलं की इथे पूर्वी गाडीवाट होती, हे जुन्या लोकांना आठवतं का. सक्रीबाई म्हणाली की आठवायचं काय त्यात, लेखी पुरावा आहे. ती घरातून प्लास्टिकची फाइल घेऊन आली.

फाइलमध्ये, नोटरीचा शिक्का मारलेल्या तेलुगू भाषांतरासह, माझा लेख होता.

काही वर्षांपूर्वी तांड्याच्या शाळेत बोधनकडचे एक मास्तर होते, त्यांना मराठी येत होतं. त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तो शोधून काढला होता. झेरॉक्सच्या कोपऱ्यात ग्रंथालयाचा शिक्का होता आणि त्यावर दाखल क्रमांक होता माझ्याच अक्षरात. म्हणजे रस्ता खरंच होता का हे मी ज्या लोकांना विचारायला आलो, ते लोक रस्ता होता असं माझ्या आधारावर सांगत होते. मला ग्रंथालयात असं कुणी दाखवलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

"हे ह्यांनीच लिहिलंय," भामाने सांगून टाकलं. ते कुणीतरी लंबाडी बोलीत सगळ्यांना सांगितलं. मग एका म्हातारबाबांनी येऊन माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले, आणि माझी बसल्या जागी जमिनीत जायची तयारी झाली.

भगवंतरावांना फाइली वाचायची सवय. ते एकेक कागद उलटत होते. तांड्याने अकरा वर्षं रस्त्यासाठी अर्ज केले होते. आजारी माणसाला झोळीतून खाली न्यावं लागतं, दोन बाळंतिणी अर्ध्या वाटेवर मोकळ्या झाल्या, हे सगळं त्यात होतं. शेवटचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. रस्ते खात्याच्या कार्यालयाचं पत्र होतं. अर्ज दोन कारणांनी नामंजूर. एक: सोबत जोडलेल्या लेखात माथ्यावर डाव्या हाताला बारव असल्याचं म्हटलं आहे, तशी बारव कार्यालयाच्या नोंदींत आढळली नाही, सबब लेखातील रस्त्याचं वर्णनही विश्वासार्ह धरता येत नाही. दोन: सदर ठिकाणी चारचाकी वाहन जाऊ शकत नाही.

मी पत्र दोनदा वाचलं. चौतीस माणसं तहानेली राहतील एवढ्याच भीतीने मी इथवर आलो होतो. ताकाचा पेला माझ्या हातात होता. तो खाली ठेवायला जागा दिसेना म्हणून मी तो तसाच धरून उभा राहिलो. आणि मी सांगितलं. मोडक्या हिंदीत, अध्येमध्ये तेलुगू, जिथे दोन्ही संपल्या तिथे मराठी. बारव नव्हती. मी हा डोंगर पाहिलाच नव्हता. तीन ओळींची जागा उरली होती.

म्हातारबाबांनी वळून बाभळीकडे पाहिलं.

मग सक्रीबाई म्हणाली, "हमारे औरताँ रोज नीचे जाको पानी लाते, सार. तुम शहर में बैठको ऊपर बावली लिख दिए."

मी हो म्हटलं.

"लिखनाच था तो नल लिखते. कायकू इतने सीढ़ियाँ चढ़ाए-उतराए हमारेकू?"

मागे बायका हसल्या. सक्रीबाई मात्र हसली नव्हती. मी म्हणालो की मी दुरुस्ती लिहून देतो, सही करून देतो, कार्यालयात स्वतः जाऊन सांगतो की चूक माझी, रस्ता खरा. ती म्हणाली की कागद आमच्याकडे खूप आहेत. तिची नजर जीपकडे होती. तिने पत्रातल्या दुसऱ्या कारणावर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट निळ्या बॉनेटवर. नव्या अर्जावरून बुधवारी इंजिनिअर पाहणीला येणार होते. दर वेळी ते डोंगराच्या पायथ्याशी थांबतात, वर बघतात, आणि गाडी जात नाही असं लिहून परत जातात. या वेळी वर गाडी उभी असेल.

"दरवाजे नहीं, तोबी गाडी तो गाडीच है," ती म्हणाली. "चाबी देके जाओ."

भगवंतरावांनी मला बाजूला घेतलं. कागदपत्रं, विमा, आणि पुढची चाकं अडकवलेली राहिली तर काय, असे अनेक मुद्दे त्यांनी मांडले. सगळे बरोबर होते. मी पहिल्यांदाच त्यांचं न ऐकता किल्ली सक्रीबाईच्या हातावर ठेवली. ती म्हणाली की ताक प्या आधी.

मग मी त्यांना परिशिष्ट 'अ' समजावून सांगितलं, चकत्या फिरवून दाखवल्या, आणि पुस्तिका तिथेच ठेवली. आम्ही पायी उतरलो. भामाला दोघी बायकांनी हात धरून उतरवलं. भगवंतराव पुढे चालले होते, आणि खाली पोचेपर्यंत त्यांनी एकही रुमाल काढला नाही. शेवटच्या बसने विकाराबाद, तिथून रेल्वे. डब्यात बसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं लिहिलं. लेख, बारव, तांडा, पत्र. लिहायला चार तास लागले, कारण मी 'कदाचित' हा शब्द सतरा ठिकाणी घातला आणि सतराही ठिकाणांहून काढला. पाठवल्यावर मोबाइल पालथा घालून मी न्हाणीघरात जाऊन बसलो. मंडळात इतकी वर्षं मला 'सर' म्हणणारी माणसं आता काय म्हणतील याची मी यादी करत होतो. भामाने दार वाजवून सांगितलं की लोकांनी अंगठे पाठवलेत. अंगठा चांगला की वाईट हे आम्हा दोघांनाही ठरवता आलं नाही.

मग नीलिमाचा फोन आला. मी उचलला.

"सर, म्हणजे पाणी न्यावं लागणार," ती म्हणाली. "तांड्यावर घरं किती? त्यांच्यासाठीही कॅन धरते."

मी सांगितलं, वीस-पंचवीस. मग थांबून म्हटलं की मी मोजली नाहीत, मोजून कळवतो.

इंजिनिअर त्या बुधवारी आले नाहीत, पुढच्याही नाहीत. जीप वरच आहे. सक्रीबाई दर आठवड्याला तिचा फोटो पाठवते. परवाच्या फोटोत स्टिअरिंगवर मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि वॉचमनचा प्रश्न सुटला होता. ती सांगते की इंजिनिअर वर येऊन हात लावीपर्यंत गाडी हलणार नाही. मी दर सोमवारी त्या कार्यालयात जातो. तिथल्या बाकावर बसून वाचायला मिळतं, आणि आता ते मला ओळखतात, म्हणजे मी दिसलो की दुसरीकडे बघतात.

मंडळाच्या नव्या अंकात माझं नाव आहे, शेवटच्या पानावर, तळाशी. नीलिमा म्हणाली होती की लेखच लिहा, चार पानं देते. मी म्हटलं की नको, तीन ओळी पुरतील. त्या अशा:

'शुद्धिपत्र. एनुगुलगट्ट्याची जुनी गाडीवाट, पृष्ठ ४१, शेवटचा परिच्छेद. "माथ्यावर पोचताच डाव्या हाताला पायऱ्यांची बारव लागते" याऐवजी "माथ्यावर पोचताच डाव्या हाताला एक निळी जीप लागते, ती लेखकाने स्वतः पाहिली आहे" असे वाचावे.'